नौदलाच्या खात्यातील न धरलेला घसारा

१३ एप्रिल २०१९ रोजी 'कोझिकोड' ही नौका भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली. एखादी जुनी नौका निवृत्त होणे ही काही मोठी बातमी नव्हे, आणि तशी ती त्या वेळी मानलीही गेली नाही. पण ही नौका निवृत्त झाली तेव्हा तिच्या जातीची दुसरी एकही नौका नौदलाजवळ उरली नव्हती. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून ते निकामी करणाऱ्या बारा नौका १९७८ ते १९८८ या दशकात सोव्हिएत रशियाकडून घेण्यात आल्या होत्या. त्या एकेक करून थकल्या. 'कारवार' आणि 'काकीनाडा' या दोघी मे २०१७ मध्ये गेल्या, आणि दोन वर्षांनी 'कोझिकोड'च्या रूपाने ही परंपराच संपली. डझनभर मोठी आणि सुमारे दोनशे लहान बंदरे असलेल्या देशाच्या नौदलापाशी त्या दिवसापासून सुरुंग काढण्यासाठी मुद्दाम बांधलेली एकही नौका नाही.

पाणसुरुंग हे गरिबाचे शस्त्र आहे. ते पेरायला युद्धनौका लागत नाही. मासेमारीच्या होडीतूनही हे काम करता येते. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्‌स' या फ्रिगेटला एका इराणी सुरुंगाने जवळजवळ दुभंगून टाकले. त्या सुरुंगाची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती असे सांगतात. जहाजाच्या दुरुस्तीला कोट्यवधी डॉलर लागले. १९९१च्या आखाती युद्धात एकाच दिवशी आणखी दोन अमेरिकी जहाजे अशाच सुरुंगांवर आदळली. शिवाय सुरुंग प्रत्यक्ष फुटायलाच हवा असेही नाही. बंदराच्या तोंडाशी तो आहे अशी शंका आली तरी विमा कंपन्या हप्ता वाढवितात, मालवाहू जहाजांचे कप्तान बाहेरच नांगर टाकून थांबतात आणि बंदर आपोआप बंद पडते. भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीने सुमारे ७० टक्के माल समुद्रमार्गाने ये-जा करतो. खनिज तेलाच्या गरजेचा फार मोठा हिस्सा बाहेरून येतो, तोही प्रामुख्याने याच वाटेने. मुंबई, न्हावा-शेवा, मुरगाव, कांडला यांपैकी एखाद्या बंदराचे तोंड आठवडाभर बंद राहिले तर काय होईल, याचा हिशेब करण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला तो तोंडी करता येईल.

मग या नौकांच्या जागी नव्या नौका का आल्या नाहीत? हा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. जुन्या नौका थकणार हे ओळखून २००५च्या सुमारास नौदलाने हालचाल सुरू केली. २००८ मध्ये निविदा निघाल्या. २०११ मध्ये दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीची निविदा सर्वांत कमी ठरली. तीन वर्षे वाटाघाटी चालल्या; मग या व्यवहारात दलालांनी हात घातल्याचा आरोप आला आणि २०१४ मध्ये तो गुंडाळण्यात आला. २०१५ मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, या नौका गोवा शिपयार्डने बांधाव्यात असे ठरले. आकडा बारांचा झाला आणि खर्चाचा अंदाज ३२ हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. तंत्रज्ञान पुन्हा त्याच कोरियन कंपनीकडून घ्यावयाचे होते! अशा नौकेचे अंग लोखंडी असून चालत नाही, कारण लोखंडाच्या चुंबकत्वानेच कित्येक सुरुंग जागे होतात. त्यासाठी लागणाऱ्या खास सोयी वास्कोच्या गोदीत उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. अटींवर एकमत न झाल्याने जानेवारी २०१८ मध्ये हीही बोलणी फिसकटली. त्यानंतर पंधरा महिन्यांनी शेवटची जुनी नौका निवृत्त झाली. जुलै २०२५ मध्ये बारा नौकांची गरज सरकारने पुन्हा मान्य केली. या वेळी अंदाज सुमारे ४४ हजार कोटींचा होता. पहिल्या हालचालीपासून ही गरज मान्य होईपर्यंत वीस वर्षे गेली होती.

या सबंध कहाणीत खलनायक शोधू गेल्यास सापडत नाही. आरोप आला तर चौकशी होणारच, आणि अटी मान्य नसतील तर करार मोडणारच. प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय एकेकटा पाहिला तर समर्थनीय वाटतो. परंतु या सर्व समर्थनीय निर्णयांची बेरीज शून्य नौका अशी आली, आणि ती बेरीज करून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. इथेच या प्रश्नाचे मर्म आहे.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही घसारा ही कल्पना ठाऊक असते. यंत्र दहा वर्षे टिकणार असेल तर त्याच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी बाजूला काढावयाचा, म्हणजे ते मोडीत निघेल त्या दिवशी नवे घेण्यास पैसा हाताशी असतो. ही शिस्त न पाळणाऱ्या उद्योगाचे काय होते ते मुंबईने गिरणगावात पाहिले आहे. कित्येक गिरण्यांच्या मालकांनी चांगल्या वर्षांतला नफा बाहेर काढला आणि जुनेच माग चालू ठेवले. १९८२चा संप झाला नसता तरी ती यंत्रसामग्री फार काळ तग धरणार नव्हती. सरकारच्या अंदाजपत्रकात तर घसाऱ्याला मुळी जागाच नाही. सरकारी हिशेब रोखीचा असतो. या वर्षी आले किती आणि गेले किती एवढेच तो सांगतो. जहाज तीस वर्षांचे झाले, त्याचे आयुष्य संपत आले, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेही नोंदली जात नाही. त्यामुळे नवे जहाज न घेतल्याने त्या वर्षी पैसे 'वाचले' असा भास होतो. वस्तुतः वाचलेले काहीच नसते. जुन्या जहाजाची झीज तेवढी खर्ची पडलेली असते.

हा भास सर्वांत महागात पडला तो पाणबुड्यांच्या बाबतीत. १९८१च्या डिसेंबरात जर्मनीच्या एच.डी.डब्ल्यू. कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथे बांधावयाच्या आणि दोन मुंबईच्या माझगाव गोदीत, अशी ती योजना होती. पाणबुडीचे आतले पोलादी कवच सांधणे हे काम साध्या जहाजबांधणीपेक्षा फार वेगळे असते. शेकडो फूट खोल पाण्याचा दाब त्या सांध्यांवर येतो. एक सांधा कच्चा राहिला तर आतली सर्व माणसे जातात. माझगावच्या कामगारांना आणि तंत्रज्ञांना जर्मनीत पाठवून हे कौशल्य शिकविण्यात आले. त्यांनी बांधलेली 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढच्या पाणबुड्यांचा आदेश मात्र आलाच नाही. १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे वादळ उठले होते. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि लगोलग राजीनामा दिला. राजकारणावर त्याचे काय परिणाम झाले ते सर्वज्ञात आहे. माझगाव गोदीवर झालेल्या परिणामाची चर्चा त्या मानाने झाली नाही. पुढे आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण पाणबुडी बांधण्याची कार्यशाळा तोपर्यंत थंड पडली होती. शिकून आलेले कारागीर इतर कामांवर गेले, निवृत्त झाले, किंवा बाहेर चांगली मागणी होती तिकडे गेले.

कारागिराचे कौशल्य बँकेतल्या ठेवीसारखे राखून ठेवता येत नाही. ते वापरात असेल तरच टिकते. मुंबई बंदराला हे नव्याने सांगावे लागू नये. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी येथे गोदी उभी केली आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे त्यांच्या घराण्याने ती कला बापाकडून मुलाकडे चालती ठेवली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगते आहे. वाडियांना कामाचा तुटवडा पडला नाही म्हणून त्यांची विद्या टिकली. माझगावच्या वेल्डरांना काम मिळाले नाही.

'शंकुल'नंतर माझगावात बांधलेली पुढची पाणबुडी नौदलाला मिळाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मध्ये तेवीस वर्षे गेली होती. १९९९ मध्ये सरकारने तीस वर्षांची पाणबुडी-योजना मंजूर केली होती. तीप्रमाणे २०३० पर्यंत चोवीस पाणबुड्या बांधावयाच्या होत्या, त्यांपैकी बारा २०१२ पर्यंत. २०१२ साल उजाडले तेव्हा त्यांतली एकही तयार नव्हती. सहा 'स्कॉर्पीन' पाणबुड्यांचा करार फ्रान्सशी २००५ मध्ये झाला; पहिली २०१२ मध्ये यावयाची होती, ती 'कलवरी' या नावाने २०१७ मध्ये आली, आणि सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये. बरे, 'कलवरी' आली तीही अपुरीच. तिच्यासाठी निवडलेले नवे इटालियन टॉर्पेडो २०१६ मध्ये रद्द झाले होते, कारण ते बनविणारी कंपनी ज्या उद्योगसमूहाची होती, त्या समूहावर हेलिकॉप्टरच्या दुसऱ्याच एका व्यवहारात लाचखोरीचा आरोप होता. पाणबुडी नवी आणि तिचे मुख्य अस्त्र जुने, अशी ही तऱ्हा झाली. पाण्याखाली अधिक काळ राहू शकणाऱ्या आणखी सहा पाणबुड्यांची गरज सरकारने २००७ मध्ये मान्य केली. निविदा निघाल्या २०२१ मध्ये आणि एका बोलीदाराशी वाटाघाटींना सुरुवात झाली २०२५ मध्ये. याच काळात पाकिस्तानने, ज्याच्यापाशी अशी सोय असलेल्या फ्रेंच पाणबुड्या आधीपासूनच आहेत, २०१५ मध्ये चीनशी आठ पाणबुड्यांचा करार केला आणि त्यांतली पहिली एप्रिल २०२४ मध्ये पाण्यात उतरली.

दरम्यान जुन्या पाणबुड्यांनी काय करावयाचे? त्यांनी थांबावयाचे. १९८६ ते २००० या काळात रशियाकडून घेतलेल्या दहा पाणबुड्यांवर सगळा भार पडला. त्यांपैकी 'सिंधुकीर्ती' दुरुस्तीसाठी २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत गेली आणि तब्बल नऊ वर्षांनी बाहेर आली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी 'सिंधुरक्षक' मुंबईच्या गोदीतच स्फोट होऊन बुडाली आणि अठरा जण मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी 'सिंधुरत्न'वर मुंबईच्या समुद्रात आग लागली, दोन अधिकारी गेले. या प्रत्येक अपघाताची कारणे वेगवेगळी असू शकतात आणि प्रत्येक अपघात जहाजाच्या वयावर लादणे योग्य नव्हे. 'सिंधुरक्षक' तर रशियातून दुरुस्त होऊन नुकतीच परतली होती. तथापि जहाजे कमी असली की असलेल्यांना विश्रांती मिळत नाही, दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात आणि सुटे भाग मिळेनासे होतात, हे एस.टी.च्या आगारातला मेकॅनिकही सांगेल. 'सिंधुरत्न'च्या दुर्घटनेनंतर नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. नव्या पाणबुड्या केव्हा घ्यावयाच्या हे ठरविण्याचा अधिकार नौदलप्रमुखाच्या हाती नसतो. ज्यांच्या हाती तो होता त्यांपैकी कोणाला राजीनामा द्यावासा वाटल्याचे स्मरत नाही.

येथे कोणी म्हणेल की मूळ दोष भ्रष्टाचाराचा आहे. दलाली बंद करा, प्रश्न सुटेल. दलाली बंद व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण १९८७, २०१४ आणि २०१६ या तिन्ही प्रसंगी शिक्षा कोणाला झाली ते पाहावे. अपराध झाला असेल तर तो कंपनीचा आणि मध्यस्थाचा. वस्तू मिळाली नाही ती मात्र नौदलाला. शिधावाटप दुकानदार मापात मारतो म्हणून गावाचे धान्यच बंद करण्यासारखा हा न्याय आहे. आरोप आला की दंड बसवावा, दलालीची रक्कम किमतीतून कापून घ्यावी, दोषींवर खटले भरावेत, आणि जहाज बांधण्याचे काम चालू ठेवावे. २०१६ मध्ये काळ्या यादीचे नियम थोडे लवचिक करण्यात आले ते याच अनुभवामुळे. तोवर फार काही हातचे गेले होते.

आणि भ्रष्टाचार हे विलंबाचे एकच कारण असते तर ज्या व्यवहारांत त्याची कुजबूजही नव्हती ते तरी वेळेवर पार पडले असते. सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरविणाऱ्या चार मोठ्या जहाजांच्या निविदा २०१३ मध्ये निघाल्या आणि काहीही निष्पन्न न होता २०२० मध्ये रद्द झाल्या. त्याच २०२० साली, साथीच्या काळात, मालदीवमध्ये अडकलेल्या सुमारे सातशे भारतीयांना पहिल्या फेरीत कोचीला आणले ते 'जलाश्व' या जहाजाने. ते अमेरिकेच्या नौदलात १९७१ पासून राबलेले आणि २००७ मध्ये भारताने घेतलेले जहाज आहे. पन्नाशीला टेकलेल्या त्या जहाजाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्या जातीचे ते एकच आहे.

कारण अधिक खोल आहे आणि ते कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. फाईलवर 'मंजूर' असे लिहून सही करणाराचे नाव त्या फाईलवर कायमचे राहते. दहा वर्षांनी व्यवहारात खोट निघाली तर लेखापरीक्षक, दक्षता अधिकारी, केंद्रीय अन्वेषण विभाग आणि संसदेतील प्रश्न हे सारे त्या नावाचा माग काढीत येतात. तोवर तो गृहस्थ निवृत्तीवेतनावर असतो. उलट 'अधिक माहिती सादर करावी' असा शेरा मारून फाईल परत पाठविणाराला आजवर कोणीही जाब विचारलेला नाही. निर्णय घेणाराला धोका आहे, न घेणाराला नाही. अशा परिस्थितीत शहाणा माणूस काय करील? तो प्रामाणिक असेल तर अधिकच सावधपणे फाईल परत करील. माणसे वाईट असण्याची येथे गरजच नाही. विलंबाची किंमत कोणाच्याही नावे पडत नाही, एवढे पुरेसे आहे.

ती किंमत असते किती, हे पाहण्यासाठी साधा चक्रवाढीचा कोष्टक पुरे. सात टक्के दराने कोणतीही रक्कम दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. निविदेत पाच टक्के कमी भाव मिळावा म्हणून तीन वर्षे घासाघीस केली तर त्या तीन वर्षांत किंमत वीस-बावीस टक्क्यांनी वाढून बसते. 'विक्रमादित्य' या जुन्या रशियन विमानवाहू नौकेचा २००४ मधील करार सुमारे ९७ कोटी ४० लाख डॉलरचा होता आणि ती २००८ मध्ये मिळावयाची होती. ती २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाली आणि किंमत सुमारे २३५ कोटी डॉलर झाली. ती येईपर्यंत 'विराट'ला काम निभवावे लागले. ब्रिटिश नौदलात १९५९ साली दाखल झालेली 'विराट' अखेर मार्च २०१७ मध्ये थांबली. (निवृत्त जहाजांच्या बाबतीतही आपले निर्णय वेळेवर होत नाहीत. 'विराट' सिंधुदुर्गातील निवतीच्या समुद्रात संग्रहालय म्हणून ठेवण्याचे महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्य केले, ८५२ कोटींचा आकडाही जाहीर झाला. २०२० मध्ये ती अलंगला मोडीत गेली.)

आता एक महत्त्वाचा आक्षेप. ज्या देशात शाळांना छप्पर नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध नाही, तेथे युद्धनौकांवर अधिक पैसा का खर्चावा? शिक्षकाने हा प्रश्न विचारला तर तो देशद्रोह ठरत नाही; लोकशाहीत तो विचारलाच पाहिजे. पण या प्रश्नाचे उत्तर अधिक पैसा की कमी पैसा या चौकटीत सापडणार नाही. सुरुंगविरोधी नौकांचा अंदाज ३२ हजार कोटींवरून ४४ हजार कोटींवर गेला. या वाढीतून देशाला एकही जादा नौका मिळालेली नाही. नौकांचा आकडा बारा होता, तो बाराच आहे. या फरकाच्या बारा हजार कोटींत किती शाळांची छपरे झाली असती, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनी अवश्य मांडावा. संरक्षणावरचा खर्च कमी असावा असे ज्यांना वाटते त्यांनीच खरे म्हणजे विलंबाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवावयास हवा.

आणि नौदल केवळ युद्धासाठी असते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये 'कोलकाता' या विनाशिकेने सोमाली चाच्यांच्या ताब्यातून 'रुएन' हे व्यापारी जहाज आणि त्यावरचे सतरा खलाशी सोडविले. शरण आलेले पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. खलाशी म्हणून जगभर जाणाऱ्यांत कोकणातली आणि गोव्यातली मुले थोडी नाहीत. त्यांच्या घरच्यांना या गोष्टीचा अर्थ कळतो.

ही 'कोलकाता' ज्या गोदीत बांधली तीही माझगावचीच, आणि येथे या प्रश्नाची दुसरी, आशादायक बाजू दिसते. १९७२ मध्ये 'निलगिरी' हे ब्रिटिश आराखड्यावरचे फ्रिगेट माझगावने बांधून दिले. त्यानंतर 'गोदावरी' आली, १९९७ मध्ये 'दिल्ली' ही विनाशिका आली, आणि पृष्ठभागावरच्या युद्धनौकांचा हा क्रम कमी-अधिक गतीने पण अखंड चालू राहिला. आराखडे नौदलाच्या स्वतःच्या कार्यालयात तयार होऊ लागले. परिणाम आकड्यांत पाहावा: 'कोलकाता'चा कणा २००३ मध्ये घातला गेला आणि ती २०१४ मध्ये सेवेत आली, म्हणजे अकरा वर्षे लागली. तिच्यानंतरच्या मालिकेतील 'सुरत'चा कणा २०१९ च्या अखेरीस घातला आणि ती जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. सव्वापाच वर्षांत काम झाले. गोदी तीच, कामगार-वस्ती तीच, सरकारी खातेही तेच. पाणबुड्यांच्या बाबतीत काम तुटले आणि विनाशिकांच्या बाबतीत ते तुटले नाही, एवढाच फरक. १५ जानेवारी २०२५ रोजी 'सुरत', नवी 'निलगिरी' आणि 'वागशीर' या तिघी मुंबईत एकाच दिवशी नौदलात सामील झाल्या, तेव्हा अभिमानाची भाषणे झाली आणि ती रास्तच होती. मात्र त्या दिवशी माझगावातील पाणबुडीच्या कार्यशाळेपुढे नव्या पाणबुडीचा एकही पक्का आदेश नव्हता. 'शंकुल' बाहेर पडली त्या दिवशी, १९९४ मध्येही, स्थिती हीच होती.

उपाय माहीत नाहीत असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी एक वेगळा निधी सुचविला होता. ३१ मार्चला परत न जाणारा, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सुमारे २ लाख ३८ हजार कोटींचा असा तो निधी होता. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. तत्त्वतः मान्य होणे आणि पैसा वेगळा निघणे यांत किती अंतर असते ते सरकारी नोकरांना ठाऊक आहे. जहाज बांधायला सहा-सात वर्षे लागतात आणि अंदाजपत्रक बारा महिन्यांचे असते. या दोन घड्याळांचा मेळ घातल्याखेरीज बाकीच्या सुधारणा वरवरच्या राहतील. नौदलाचा वाटाही स्थिर असावा लागतो. २०१२-१३ मध्ये संरक्षण खर्चातील नौदलाचा हिस्सा सुमारे १८ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आल्याचे तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंग यांनी जाहीरपणे सांगितले होते. तीन वर्षे भरपूर आणि चार वर्षे दुष्काळ अशा पाटपाण्यावर ऊस होत नाही, जहाजेही होत नाहीत. मोठे आकडे जाहीर करण्यापेक्षा दर दोन वर्षांनी एक पाणबुडी, दरवर्षी एक सुरुंगविरोधी नौका असा माफक पण न तुटणारा क्रम बांधून देणे अधिक उपयोगाचे ठरेल. त्याबरोबर प्रत्येक जहाजाचे वय, उरलेले आयुष्य आणि त्याच्या बदलीची तारीख यांचे विवरण दरवर्षी संसदेपुढे ठेवले जावे. गुप्ततेची सबब येथे लागू पडत नाही. जहाजाचे वय शत्रूला आपल्या खासदारांच्या आधी ठाऊक असते. आणि या विवरणात आणखी एक रकाना असावा: फाईल कोणाच्या मेजावर किती दिवस होती.

सुरुंगविरोधी नौकांना जुलै २०२५ मध्ये मिळाली ती 'गरजेची मान्यता'. ती खरेदीची मागणी नव्हे. निविदा, तांत्रिक तपासणी, किंमतीच्या वाटाघाटी, अर्थखात्याची संमती आणि मंत्रिमंडळाची मंजुरी एवढ्या पायऱ्या तिच्यापुढे आहेत, आणि करारावर सही झाल्यानंतरही पहिली नौका हाती येण्यास काही वर्षे जावी लागतात. सहा नव्या पाणबुड्यांना हाच कागद २००७ मध्ये मिळाला होता.